चावी जरा डावीकडे दाबून

आमच्याकडे २००४ सालचा एक छोटा ट्रक आहे, कांदा घेऊन लासलगावला जातो, आणि गेल्या दिवाळीनंतर त्याने नवीनच नाटक सुरू केलं, म्हणजे चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे लागायचे पण पुढे सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर, मारायला गेलं की टक् सुद्धा नाही. मग चावी मागे घ्या, पुढे न्या, जरा वर उचला, जरा डावीकडे दाबा. अण्णा म्हणायचे, "जोर नको लावू रे, तिला समजावून फिरव." आणि त्यांनी फिरवली की लगेच चालू व्हायची, हा अपमान वेगळाच.

एकदा मार्केटच्या लाईनीत इंजिन बंद केलं आणि लाईन सरकली. मागे ट्रॅक्टरवाले हॉर्न मारतायत आणि पाच मिनिटांत आठ डॉक्टर गोळा. एक म्हणे बॅटरी, एक म्हणे अर्थिंग, एक म्हणे दोन महिन्यांत लिंबू बदललं का. शेवटी सगळ्यांनी धक्का मारून दिला. जुनं डिझेल इंजिन, त्याला स्पार्क वगैरे काही लागत नाही, सेकंड गिअरला क्लच सोडला की निघतं.

बॅटरी चेक केली, १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल. टर्मिनलवरचा पांढरा चुरा गरम पाण्याने धुतला. मग मिस्त्रीने सेल्फ खोलला, कार्बन बदलले, बूश बदलले, बिल घेतलं. दोन दिवस गाडी शहाण्यासारखी वागली, तिसऱ्या दिवशी परत तेच. आपल्याकडे सेल्फ मारत नाही म्हटलं की पहिला बळी सेल्फचाच जातो, हे माझं ठाम मत झालंय.

मग एका संध्याकाळी मीच बसलो, इंडिकेटरचा बल्ब आणि दोन वायरी घेऊन. एक वायर बॉडीला, दुसरी सेल्फच्या बारीक वायरीच्या टोकाला, आणि क्लिनरला सांगितलं मार सेल्फ. बल्ब अंधार. "हलव चावी." पेटला, विझला, पेटला. म्हणजे सेल्फ बिचारा निर्दोष, त्याच्यापर्यंत निरोपच पोचत नव्हता. मग स्टिअरिंगखालचं कव्हर खोलून मान वाकडी करून बघितलं. चावी जिथे घालतो त्या स्विचच्या मागे ३०, १५, ५० असे बारीक आकडे असतात, ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी, १५ इग्निशनची, ५० सेल्फला जाणारी. ३० वर बल्ब ठणठणीत, ५० वर मूड असेल तर. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चावी ऑन, आणि ३० ते ५० वायर टेकवली. ढुर्रर्र! अण्णा घरातून चहाचा कप घेऊन पळत बाहेर.

जुना स्विच फोडून बघितला तर आतली पितळी पट्टी एका बाजूने झिजलेली आणि काळीठिक्कर. एकाच बाजूने का? तेव्हा माझं लक्ष चावीकडे गेलं. त्या जुडग्यात घराची, गोडाऊनची, विहिरीवरच्या मोटरच्या पेटीची, विकून टाकलेल्या मोटरसायकलची, एक घंटी आणि एक घोड्याची नाल. कांद्याच्या काट्यावर टाकलं, ३४० ग्रॅम. वीस वर्षं हे सगळं खड्ड्याखड्ड्याला त्या स्विचला लोंबकळत होतं.

"अण्णा, दुखणं हे आहे."

"मग मोटरसायकलची काढून टाक," अण्णा म्हणाले, आणि खूप त्याग केल्यासारखं तोंड केलं.

नवीन स्विच बसला, चावी एकटी, अर्ध्या इशाऱ्यावर चालू. अण्णा अजूनही सवयीने डावीकडे दाबतात आणि समजावतात. जुडगा केबिनमध्ये खिळ्याला लटकवलाय. आता खड्डा आला की कुठूनतरी खळ्ळ असा आवाज येतो, आणि मी दर वेळी गाडी बाजूला घेऊन आधी मागच्या स्प्रिंगचे पाटे बघून येतो.