गाडी कोणाची ते नंतर बघू, आधी जवळची सोडा

मे महिन्यातली रात्र होती, पावणेदोन वाजले असतील. बेल वाजतच राहिली म्हणून दार उघडलं तर वॉचमन काका धापा टाकत उभे. "ताई, बी विंगच्या मीटर रूममधून धूर येतोय." मी खाली उतरेपर्यंत जिना धुराने भरला होता. कोणीतरी मेन स्विच पाडला होता, त्यामुळे लिफ्ट बंद आणि दिवेही बंद. माणसं मोबाईलच्या उजेडात मुलांना कडेवर घेऊन उतरत होती. मी अग्निशमन दलाचा 101 लावला.

फोन लगेच उचलला गेला, हे आधी सांगते. पत्ता सांगितला, सोसायटीचं नाव सांगितलं, पुलाजवळची गल्ली सांगितली. पलीकडून प्रश्न आला, "मॅडम, हे कुठल्या हद्दीत येतं?" मी म्हटलं, नदीकाठी. "नदीच्या कुठल्या बाजूला?" तेही सांगितलं. मग थोडा वेळ काहीच आवाज नाही, बहुतेक शेजारच्याला विचारलं असावं. आणि मग, "हा एरिया आमच्याकडे येत नाही. नंबर देतो, लिहून घ्या."

माझ्याकडे पेन नव्हतं. शेजारी बरेच दिवस न पुसलेली एक गाडी उभी होती. तिच्या मागच्या काचेवरच्या धुळीत मी बोटाने तो नंबर लिहिला. आठ आकडे. सहावा आकडा एक आहे की सात, हे मला मिनिटभराने वाचताच येईना. मी दोन्ही लावून बघितले.

बंब आला. त्याआधी आमच्या सोसायटीतल्या दोन पोरांनी सीओटूचे सिलिंडर मारून आग मीटर रूमच्या बाहेर येऊ दिली नव्हती. कोणी दगावलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना धुरामुळे दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं, एवढ्यावर भागलं. सोसायटी नेमकी कुठली आणि पहिला फोन कोणत्या कक्षात लागला, हे मुद्दाम लिहीत नाही. त्या माणसाचा दोष नव्हता. त्याच्या समोर त्याच्या हद्दीतल्या गाड्या होत्या, त्याने नियमाने जे करायचं तेच केलं. माझा राग त्या नियमावर आहे.

आपल्याकडे अग्निशमन हे महापालिकेचं काम. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत ते नागरी संस्थांच्या यादीत आहे. त्यामुळे जितक्या संस्था तितकी दलं आणि तितके नियंत्रण कक्ष. पुण्याचं दल वेगळं, पिंपरी-चिंचवडचं वेगळं, दोन्ही शहरांभोवतीची गावं बघणाऱ्या पीएमआरडीएचं (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं) वेगळं. हिंजवडी आणि चाकणला एमआयडीसीची स्वतःची केंद्रं. कॅन्टोन्मेंटचा कारभार आणखी निराळा. नकाशावर हे नीट दिसतं. पण बाणेर-बालेवाडीहून मुळा ओलांडली की वाकड, बोपोडीतून हॅरिस पूल ओलांडला की दापोडी. माणसं दिवसातून चार वेळा ही हद्द ओलांडतात आणि आपण ओलांडली हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

त्यात हद्द एका जागी थांबत नाही. सूस, म्हाळुंगे 2021 मध्ये 23 गावांबरोबर पुणे महापालिकेत आले, पण तिथले पोलीस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे. म्हणजे घरात चोरी झाली तर एक शहर आणि घराला आग लागली तर दुसरं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची 2017 मध्ये पुण्यात आली आणि 2024 मध्ये पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगर परिषद झाली. हिंजवडीत लाखो लोक कामाला येतात, आणि ती अजून ग्रामपंचायतच आहे. पाहुणा आलेला माणूस, रात्री डिलिव्हरी देणारा मुलगा, हायवेवरून साताऱ्याला निघालेलं कुटुंब, यांनी फोन करताना हे सगळं पाठ असायला हवं का?

मी हे बोलले की लोक म्हणतात, अहो, आता 112 आहे ना. 112 चांगलीच गोष्ट आहे. निर्भया प्रकरणानंतर तातडीच्या मदतीसाठी देशभर एकच नंबर करायचं ठरलं, 2018 मध्ये हिमाचल प्रदेशात सुरुवात झाली आणि महाराष्ट्रात 2021 पासून 112 चालू आहे. राज्यातले फोन नवी मुंबईतल्या महापे इथे आणि नागपूरला घेतले जातात. पोलिसांच्या कामासाठी त्याचा उपयोग होतो हे मी स्वतः अनुभवलं आहे. पण आगीची वर्दी तिथून पुढे स्थानिक दलाकडेच द्यावी लागते. दाराशी पाटी एक झाली, आतल्या खोल्या तितक्याच राहिल्या. फोन उचलणाऱ्याला सगळ्यांच्या गाड्या एका पडद्यावर दिसत नाहीत आणि त्यातली सगळ्यात जवळची सोडण्याचा अधिकार त्याला नाही, तोवर नंबर एक होऊन माझ्यासारखीचा प्रश्न सुटत नाही.

आणि महाप्याला बसलेल्या मुलीला "पुलाच्या अलीकडे, जुन्या जकात नाक्याच्या मागे" हे कळावं अशी अपेक्षा कशी करायची? इथल्या कक्षात वीस वर्षं काढलेल्या माणसाला ते अर्ध्या वाक्यात कळतं. म्हणून मला वाटतं, राज्याएवढं मोठं केंद्र फार मोठं पडतं आणि एका महापालिकेएवढं फार लहान. पुणे, पिंपरी-चिंचवड, पीएमआरडीए, एमआयडीसी आणि कॅन्टोन्मेंट यांचा मिळून एक कक्ष, एवढ्या मापाचं हवं. तिथे सगळ्या दलांची माणसं एकाच हॉलमध्ये बसतील. पगार, वर्दी, बढती ज्याची त्याच्या दलात राहू दे. गाड्या आणि केंद्रं आहेत तशीच राहू देत. फक्त बंब कुठून सोडायचा हे अंतरावरून ठरावं.

याला विरोध होणार, आणि तो करणारे सगळे चुकीचे नाहीत. माझ्या ओळखीचे एक निवृत्त तांडेल आहेत. आयुष्यभर बंबावर काम केलेला माणूस. ते म्हणाले, "ताई, शेजारच्याला मदत आम्ही आधीपासून करतो. मोठी आग असली की कोणी हद्द विचारत नाही." हे अगदी खरं आहे. गेल्या वर्षी, 15 जून 2025 ला, मावळात कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला तेव्हा एनडीआरएफ आलं, अग्निशमनाचे जवान आले, मावळातले स्वयंसेवक दोर घेऊन पाण्यात उतरले. कोणी कोणाची वाट बघितली नाही. पण ती बातमी चॅनेलवर आलेली, सगळ्यांना कळलेली दुर्घटना होती. मी बोलतेय ते मध्यरात्रीच्या लहान आगीबद्दल, जी अजून बातमी झालेली नाही, जिथे पहिली चार-पाच मिनिटं सगळं ठरवतात. आजची पद्धत आधी आपली गाडी, ती पुरली नाही तर शेजाऱ्याला फोन, अशी आहे. मला आधी जवळची गाडी हवी आहे, मग ती कोणाचीही असो.

तांडेलकाकांचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. "एकच कक्ष केला आणि त्याचीच लाईन गेली तर?" खरंच आहे. एक कक्ष करायचा तर दुसरा राखीव लागेल, लांब, वेगळ्या वीजवाहिनीवर, नदीच्या पुराच्या रेषेबाहेर. खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठेकाठी काय होतं ते पुण्याला सांगायला नको. हा खर्च धरूनच योजना करावी लागेल. स्वस्तात होईल असं सांगून हे काम गळी उतरवू नये, नाहीतर पहिल्याच बिघाडाला सगळे म्हणतील, आमचं जुनंच बरं होतं.

इंग्लंडने ही चूक फार मोठ्या प्रमाणावर केली. 2004 मध्ये तिथल्या सरकारने अग्निशमन दलांचे 46 नियंत्रण कक्ष मोडून 9 विभागीय केंद्रं करायचं ठरवलं. दलांचं मन वळवण्याआधी इमारती उभ्या राहिल्या. संगणक प्रणाली काही केल्या तयार होईना. शेवटी डिसेंबर 2010 मध्ये योजना गुंडाळली आणि पुढच्या वर्षी तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी हिशोब मांडला, किमान 46 कोटी 90 लाख पौंड वाया. बांधलेली केंद्रं रिकामी पडून होती. वरून लादलेल्या योजनेचं काय होतं हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी हा अहवाल जरूर वाचावा, मला तो वाचून दोन रात्री झोप आली नाही.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. त्या रिकाम्या इमारतींपैकी वॉरिंग्टनची एक, चेशायर, कम्ब्रिया, ग्रेटर मँचेस्टर आणि लँकेशायर या शेजारच्या चार दलांनी मिळून घेतली आणि 2014 मध्ये तिथे स्वतःचा एकत्र कक्ष सुरू केला. सरकारची मोठी योजना पडल्यावर चार शेजारी आपापसात बसले आणि जमवलं. मला आपल्याकडे हेच व्हायला हवं आहे. मंत्रालयातून आदेश येण्याची वाट न बघता दोन महापालिका आणि पीएमआरडीए यांनी एका टेबलावर बसावं.

याच मँचेस्टरमधली पुढची गोष्टही लपवून चालणार नाही. 22 मे 2017 ला तिथे गाण्याच्या कार्यक्रमानंतर बॉम्बस्फोट झाला. बावीस जीव गेले, त्यात लहान मुली होत्या. अग्निशमनाच्या गाड्या दोन तासांहून जास्त उशिरा पोहोचल्या. अग्निशमनाचा कक्ष चार दलांचा एकत्र होता, तरी पोलीस, अँब्युलन्स आणि अग्निशमन यांच्यात कोण कुठे थांबलंय, जागा सुरक्षित आहे की नाही, हे वेळेवर कळलंच नाही. म्हणून आपल्या हॉलमध्ये अग्निशमनाच्या शेजारी पुणे आणि पिंपरी-चिंचवड अशा दोन्ही आयुक्तालयांचा एकेक माणूस आणि 108 चा एक माणूस चोवीस तास हवाच. 108 चं राज्याचं केंद्र तर इथे आपल्या औंधलाच आहे. 2014 मध्ये 937 अँब्युलन्सनी सुरू झालेली ती सेवा हद्द न विचारता चालते. तिच्या तक्रारी असतील, आहेत, पण "हा जिल्हा आमचा नाही" हे कारण तिथून कोणी मला दिलेलं नाही.

अमेरिकेतल्या भाच्याला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मामी, आमच्याकडेही अगदी हेच होतं. जॉर्जिया राज्यात 2014 च्या डिसेंबरमध्ये एका बाईची गाडी पहाटे तळ्यात गेली. तिने बुडत्या गाडीतून 911 लावला, पत्ता पुन्हा पुन्हा सांगितला. पण फोन टॉवरमुळे शेजारच्या हद्दीतल्या केंद्रात लागला होता आणि तिथल्या संगणकाच्या नकाशात पलीकडचा रस्ताच नव्हता. ती वाचली नाही. हे ऐकलं आणि मला ती गाडीची काच आठवली. बोटाने लिहिलेला तो आकडा, एक की सात.

पैशांचं काय, हा प्रश्न सगळ्यात आधी निघेल, पण पुण्याने त्याचं उत्तर बसच्या बाबतीत केव्हाच दिलं आहे. पीएमटी आणि पीसीएमटी वेगवेगळ्या होत्या. 2007 मध्ये त्या एक होऊन पीएमपीएमएल झाली आणि तुटीचा भार पुण्याने 60 टक्के, पिंपरी-चिंचवडने 40 टक्के उचलायचा असं ठरलं. पीएमपीबद्दल आपण सगळेच कुरकुर करतो. तरी निगडीहून बसलेला माणूस हद्दीवर उतरून दुसरी बस शोधत नाही. मेट्रोही पिंपरीहून स्वारगेटला येताना दापोडीला पाटी बदलत नाही. बससाठी जमलं ते बंबासाठी का जमू नये? वाटा 60:40 असो की लोकसंख्येवर असो, हे कारकुनी काम आहे. पीएमआरडीएच्या गावांचा वाटा कोणी भरायचा हा खरा अवघड भाग आहे, कारण तिथली ग्रामपंचायत ते पैसे देऊ शकत नाही. तो राज्य सरकारने उचलावा. 2021 च्या जूनमध्ये मुळशीतल्या उरवड्याच्या कारखान्यात पंधराहून जास्त कामगार जळून गेले, बहुतेक बायका. ते गाव दोन्ही महापालिकांच्या बाहेर आहे, पण त्या तयार करत होत्या तो माल काही गावापुरता नव्हता.

आणि एक गोष्ट आजच, एक रुपया न खर्चता करता येण्यासारखी आहे. "हा एरिया आमचा नाही, नंबर लिहून घ्या" हे वाक्य बंद करा. ज्याने फोन उचलला त्याने तो धरून ठेवावा आणि दुसऱ्या कक्षाला स्वतः जोडून द्यावा, घाबरलेल्या माणसाला पुन्हा आकडे दाबायला लावू नये. त्यासाठी दोन्ही आयुक्तांनी एकेक परिपत्रक काढलं तरी पुरेल.

आमच्या सोसायटीने दोन्ही महापालिका आयुक्तांना आणि पीएमआरडीएला द्यायचं पत्र तयार केलं आहे. मागण्या तीनच: फोन जोडून द्यायचं परिपत्रक, हद्दीपासून तीन किलोमीटरच्या पट्ट्यात जवळची गाडी आधी सोडायचा लेखी करार, आणि एकत्र कक्षाचा आराखडा करायला फायरमन आणि ऑपरेटर यांनाही बरोबर घेऊन समिती. रविवारी सकाळी दहा ते बारा क्लब हाऊसमध्ये सह्या घेणार आहोत, वॉचमन काका पहिली सही करणार आहेत. वाकड, पिंपळे निलख, सांगवी, दापोडी, बोपोडी, औंध, बाणेर, सूस, म्हाळुंगे, इथल्या ज्या सोसायट्यांना असं पत्र द्यायचं आहे त्यांनी खाली लिहा, मसुदा पाठवते. आणि तुमच्यापैकी कोणाचा फोन असा हद्दीवर अडकला असेल तर तारीख आणि साधारण वेळ कळवा, पत्राला जोडायची आहे.