तपासणीच्या दिवशी भरीत

'अचानक भेट' आम्हाला निदान तासभर आधी कळते. एका पर्यवेक्षिकेकडे वीस-पंचवीस अंगणवाड्या असतात. म्हणजे गाडी आधी कुठल्यातरी गावात थांबणारच, आणि तिथली सेविका आमच्यातलीच. एक मिस्ड कॉल म्हणजे सुपरवायझर मॅडम, दोन म्हणजे प्रकल्प अधिकारी. परवा तीन आले. तीनचं आमचं काही ठरलेलंच नव्हतं.

मी उलट फोन लावला. "जिल्ह्याहून आहेत. वजनं स्वतः घेताहेत," एवढं कुजबुजून तिने ठेवून दिला.

एकोणीस वर्षं झाली सेविका होऊन, त्यामुळे काय काय बघतात ते आरतीसारखं पाठ आहे. पाणी झाकलेलं आहे का, धान्याचा साठा वहीशी जुळतो का, वजनकाटा शून्यावर येतो का, भिंतीवर तक्ते आहेत का. शौचालय स्वच्छ हवं, हाही निकष आहे. ते स्वच्छ ठेवायचा एकच खात्रीचा उपाय आम्हाला सापडला आहे, तो म्हणजे कुलूप. किल्ली मावशीच्या, म्हणजे मदतनीस बाईंच्या, कमरेला असते. १९७५ साली गांधी जयंतीला ३३ प्रकल्पांवर अंगणवाड्यांची ही योजना सुरू झाली, तेव्हा असे किती कागद होते देव जाणे. माझ्या काळात रजिस्टरं ११ झाली. मग २०२१ मध्ये मोबाइलवर पोषण ट्रॅकर नावाचं ॲप आलं. आता मी माहिती भरते ती मारुतीच्या पारावर चढून, कारण रेंज तिथेच येते. गावाला वाटतं, बाईंची भक्ती वाढली.

तर झाडून झालं, तक्ते सरळ केले, बचतगटाची खिचडी वेळेवर आली. राहिली फक्त मुलं. मावशी बोलवायला गेली ती हात हलवत परत आली.

"सगया पोरे वावरमा गयात. भरीत खावाले."

तापीकाठाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं थांबते. इकडे थंडी पडली की भरीत घरात होत नाही, शेतात होतं. पऱ्हाटीच्या काड्या पेटवून त्यावर आमची हिरवी, पोटाशी पांढुरकी वांगी पोत्याने भाजतात. साल निघाली की लाकडी बडगीत हिरवी मिरची, लसूण घालून ठेचतात, वर कांद्याची पात, शेंगदाणे, आणि सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. एका घराने भरीत पार्टी ठेवली की गल्लीतल्या म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत मागे कोणी उरत नाही. कुत्रीसुद्धा जातात.

मी भाच्याच्या मोटरसायकलवरून शेत गाठलं. "बाई, घासभर तरी खा," असा आग्रह झाला. खोटं कशाला बोलू, दोन पुऱ्या खाल्ल्या. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बावीस मुलं भरली. पटावर सत्तावीस आहेत. बावीस म्हणजे उत्तम हजेरी, फक्त सगळ्यांची तोंडं काजळीने माखलेली.

गाडी आणि ट्रॉली एकदमच अंगणवाडीशी पोचल्या.

"मुलांना वाहनाची सोय आहे?" जिल्ह्याहून आलेल्या मॅडमने विचारलं. चेहऱ्यावर कौतुक होतं. मी नाही म्हणाले नाही. तोंडं काळी का, तर 'रंगकाम' म्हणाले.

मॅडम कोल्हापूरकडच्या. बोलायला गोड. त्यांनी फळांच्या तक्त्यावर छडी ठेवली आणि चार वर्षांच्या एका पठ्ठ्याला विचारलं, "बाळ, हे काय?"

"केय."

"काय?"

"केय!"

"अरे, मी विचारतेय, काय आहे हे?"

"केय, केय, केय!" पोरगं आता रडकुंडीला आलं. ज्याच्या बापाची पाच हजार खोडं उभी आहेत, त्याला केळ ओळखता येत नाही असं कोणी म्हटलं तर रडू येणारच. आमच्या अहिराणीत 'ळ' फारसा टिकत नाही. डोळा डोया होतो, शाळा शाया, आणि केळं केय. मी हे समजावलं तेव्हा मॅडम हसल्या. पण त्यांच्या कागदावर 'ओळखतो' आणि 'ओळखत नाही' अशा दोनच चौकटी होत्या, आणि पहिल्या 'केय'लाच एकीत खूण पडून गेली होती.

मग वजनं. वजन कमीत कमी कपड्यांत घ्यायचं असतं. डिसेंबरात ते मुलांना कोण सांगणार? एकाचा स्वेटर काढला तर आत दुसरा स्वेटर. दुसरा काढला तर खिशातून मूठभर भाजलेल्या शेंगा आणि वांग्याचं एक देठ निघालं. देठ कशाला घेतलं होतंस, विचारलं तर सांगेना. ते काढूनही काटा गेल्या आठवड्यापेक्षा अर्धा किलो पुढे. पुढचं मूल, तेच. त्याच्या पुढचं, तेच.

"आठवड्यात एवढी वाढ?" मॅडमने काटा परत शून्यावर आणून पाहिला. काटा निर्दोष होता. माझ्या स्वतःच्या पोटातल्या दोन पुऱ्या मला जड वाटायला लागल्या.

दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी मात्र भरताला भुलत नाही. ११.५ सेंटीमीटरच्या खाली लाल, १२.५ पर्यंत पिवळी, पुढे हिरवी. आमची सगळी हिरव्यात निघाली आणि मी जरा श्वास घेतला.

तेवढ्यात एका मुलीची उंची आली ८१.६. गेल्या महिन्यात ८१.९ होती. तिची आई दारातच उभी होती. "आं? माझी पोर आखूड झाली?"

झालं असं की पोर नुकतीच दोन वर्षांची झाली. दोन वर्षांपर्यंत मुलाला फळीवर झोपवून लांबी मोजतात, नंतर उभं करून उंची. उभं राहिलं की माणूस जरा दबतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात हा फरक ०.७ सेंटीमीटर धरलेला आहे. म्हणजे पोर खरं तर वाढली होती. हे मी सांगायला आणि मॅडमनीही तेच सांगायला एकच गाठ पडली. त्या दिवशी आम्ही दोघी एका बाजूला होतो असा तो एकच क्षण. आईने आमचं दोघींचं ऐकून घेतलं, आणि घरी जाऊन मीठ-मिरची ओवाळून टाकली ती टाकलीच.

शेवटी आहार. २०१३ साली अन्न सुरक्षा कायदा झाला तेव्हा तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, असं त्यात लिहून आलं. त्या कॅलरी खाणाऱ्याला भूक हवी, हे कुठे लिहिलेलं मला आठवत नाही. बावीस ताटल्या वाढल्या. बावीस मुलं हात मागे घेऊन बसली.

"खा ना बाळांनो."

"माले भूक नही."

"तुला?"

"माले बी नही."

मॅडमनी स्वतः चमचाभर खाल्ली. "चांगली आहे की! मग खात का नाहीत?"

आता भरीत म्हटलं तर सकाळी दहाला मुलं शेतात का, ट्रॉली कोणाची, रंगकाम कसलं, सगळंच उकलत गेलं असतं. मी गप्प राहिले. मॅडमनी शेरा लिहिला: 'बहुतांश मुलांमध्ये भूक मंद आढळली. कारणांसह खुलासा तीन दिवसांत सादर करावा.'

संध्याकाळी मी कागद घेऊन बसले. 'हवामानातील बदलामुळे' लिहिलं, खोडलं. 'सणासुदीचे दिवस असल्याने' लिहिलं, तर आसपास सणच नव्हता. मावशी ओसरीवर टोप घासत होती. बराच वेळ माझं खोडणं बघून म्हणाली,

"लिखी टाक ना बाई, भरीत व्हतं."