लिश्टनस्टाइनवरची ती पोस्ट: देश श्रीमंत झाला तो चांगल्या राजामुळे?

व्हॉट्सॲपवर एक पोस्ट वर्षानुवर्षे फिरते आहे. लिश्टनस्टाइन नावाच्या चिमुकल्या देशाकडे स्वतःचे चलन नाही, भाषा नाही, विमानतळ नाही, सैन्य नाही. तुरुंगात जेमतेम सात कैदी. लोक दाराला कुलूपही लावत नाहीत. राजा एवढा श्रीमंत की त्याला खाबुगिरीची गरजच नाही, म्हणून प्रजा सुखी. आणि शेवटी तात्पर्य: निवडणुका, पक्ष, संसद हे सगळे थोतांड आहे, एक चांगला राजा मिळाला की पुरे.

यातली काही विधाने खरी आहेत. तात्पर्य मात्र साफ खोटे आहे. त्या देशाचा इतिहास थोडा जरी वाचला तरी ते टिकत नाही, आणि मला खरा राग येतो तो त्यातून तिथली माणसेच पुसून टाकली जातात याचा.

आधी देश कुठे आहे ते पाहू. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मध्ये, ऱ्हाइन नदीच्या पूर्व काठावर. क्षेत्रफळ 160 चौरस किलोमीटर, म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीपेक्षाही कमी. लोकवस्ती सुमारे 40 हजार, गावे अकरा. पश्चिमेला नदीकाठची सपाट जमीन, पूर्वेला आल्प्सचे कडे. विमानतळ नाही हे खरे, कारण धावपट्टीला सपाट जागाच थोडी, आणि झ्युरिकचा विमानतळ दीड-दोन तासांवर. बाल्झर्स गावात हेलिकॉप्टर उतरतात. यात राजाच्या शहाणपणाचा संबंध कुठे आला?

‘चलन नाही, सैन्य नाही’ हे पोस्टमध्ये असे सांगितले आहे, जणू कुणा साधूने त्याग केला. प्रत्यक्षात तो व्यवहार होता. 1852 पासून या देशाची जकात ऑस्ट्रियाशी जोडलेली होती. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य कोसळले, त्याचे क्रोन हे नाणे मातीमोल झाले आणि लोकांची बचत बुडाली. तेव्हा या देशाने स्वित्झर्लंडकडे तोंड वळवले. 1923 मध्ये जकात-करार झाला, 1924 पासून तो अमलात आला आणि स्विस फ्रँक हेच देशाचे चलन ठरले. सैन्य मोडले 1868 मध्ये. त्याआधी ऑस्ट्रिया-प्रशियाच्या 1866 च्या युद्धात या देशाचे ऐंशी जवान आल्प्समधल्या स्टेल्व्हियो खिंडीच्या पहाऱ्यावर गेले होते, ते एकही गोळी न झाडता परतले. जर्मन राज्यांच्या ज्या संघासाठी सैन्य ठेवावे लागत होते तो संघच त्या युद्धानंतर उरला नाही आणि खर्च तर परवडत नव्हताच, म्हणून ते बंद केले.

भाषा नाही, हेही असेच. राज्यकारभाराची भाषा जर्मन आहे, पण घराघरांत तिची अलेमानिक बोली चालते. डोंगरावरच्या ट्रीझनबेर्ग गावात सातशे वर्षांपूर्वी येऊन वसलेल्या वाल्झर लोकांची वेगळी बोली अजून टिकून आहे.

आता श्रीमंतीबद्दल. हा देश पिढ्यान्‌पिढ्या गरीब शेतकऱ्यांचा होता. एकोणिसाव्या शतकात लोक पोटासाठी अमेरिकेत गेले. सप्टेंबर 1927 मध्ये शान गावाजवळ ऱ्हाइनचा बांध फुटला आणि उत्तरेकडचा सखल भाग पाण्याखाली गेला. तिथल्या जेवणात ही गरिबी आजही दिसते. ‘रिबल’ हा तिथला जुना पदार्थ: मक्याचा जाडसर रवा दूध-पाण्यात शिजवायचा, मुरू द्यायचा आणि मग लोण्यावर परतत परतत मोकळा करायचा, आपल्या मोकळभाजणीसारखा. तो कॉफीबरोबर नाहीतर सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर खायचा. शेतमजुराची ही न्याहारी होती, पोट भरणारी आणि स्वस्त. सणासुदीला ‘केसक्नोप्फ्ले’: अंडी-मैद्याचे सैल पीठ भोकांच्या पाटीतून उकळत्या पाण्यात पाडायचे, त्या गोळ्यांत चीज मिसळायचे, वर तळलेला कांदा. हेही लोक सफरचंदाच्या मुरंब्याबरोबरच खातात. पोस्टमधल्या सोन्याच्या देशात हा मका कुठेच नाही, आणि मक्याशिवाय त्या देशाची गोष्ट पुरी होत नाही.

मग पैसा आला कुठून? मुख्यतः कारखान्यांतून. 1941 मध्ये शान गावात हिल्टी बंधूंनी एक कारखाना काढला. आज आपल्याकडच्या मोठ्या बांधकामांवरही ‘हिल्टी’चे ड्रिल दिसते, ते त्याच गावचे. दंतवैद्यकाचे साहित्य बनवणारी ‘इव्होक्लार’ही शानचीच, आणि एशन गावात मोटारींचे स्टिअरिंग बनते. एवढ्याशा देशात जितके रहिवासी त्याहून जास्त नोकऱ्या आहेत, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त जागांवर रोज सीमा ओलांडून येणारे लोक काम करतात.

दुसरा झरा कमी उजळ आहे. 1926 च्या कायद्याने परदेशी माणसांना इथे न्यास आणि कंपन्या काढणे सोपे केले. मालकाचे नाव गुप्त राही, कर किरकोळ. 2000 मध्ये काळा पैसा रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने या देशाला असहकारी देशांच्या यादीत टाकले. 2008 मध्ये राजघराण्याच्याच मालकीच्या बँकसमूहातली ग्राहकांची माहिती बाहेर फुटली आणि करबुडव्यांची नावे जर्मनीच्या हाती लागली. जर्मन टपाल कंपनीच्या प्रमुखाला पद सोडावे लागले. त्यानंतर देशाने माहिती देण्याचे करार केले. ‘राजा श्रीमंत, म्हणून भ्रष्टाचार नाही’ असे लिहिणाऱ्याने हे प्रकरण एकदा तरी वाचायला हवे होते.

कैद्यांबद्दल थोडक्यात. राजधानी वाडुझचा तुरुंग लहान आहे, पण लांब मुदतीची शिक्षा झालेले कैदी कराराने ऑस्ट्रियाच्या तुरुंगात जातात. त्यामुळे तिथले डोके मोजून गुन्हेगारी मोजता येत नाही. देश सुरक्षित आहे, हे खरेच. तरी एप्रिल 2014 मध्ये बाल्झर्समध्ये एका बँकेच्या प्रमुखाला गोळ्या घालून मारले गेले होते.

आता राजा, म्हणजे तिथल्या पदवीप्रमाणे ‘प्रिन्स’. पहिली गोष्ट, हे घराणे इथले नव्हेच. त्यांनी 1699 मध्ये शेलेनबेर्ग आणि 1712 मध्ये वाडुझ या जहागिरी विकत घेतल्या, त्या पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत जागा मिळावी म्हणून. 1719 मध्ये सम्राटाने दोन्ही मिळून संस्थान केले. मालक राहत होते व्हिएन्नात. वाडुझच्या किल्ल्यावर कायमचा मुक्काम करणारे पहिले प्रिन्स म्हणजे फ्रांत्स योझेफ दुसरे, तेही 1938 मध्ये.

दुसरी गोष्ट, तिथे संसद आहे, पक्ष आहेत, निवडणुका आहेत. 1921 च्या घटनेने 25 सदस्यांची आजची संसद, पाच जणांचे सरकार आणि जनमताचा हक्क यांचा पाया घातला. हजार नागरिकांच्या सह्या जमल्या की कायद्यावर मतदान घेता येते. प्रिन्सचा अधिकार मोठा आहे, हे मी नाकारत नाही. प्रिन्स हान्स-आडाम दुसरे यांनी 2003 मध्ये आपले अधिकार वाढवणारी घटनादुरुस्ती मंजूर झाली नाही तर व्हिएन्नाला निघून जाऊ असे बजावले होते, आणि सुमारे 64 टक्के मतदारांनी ती मंजूर केली. 2012 मध्ये प्रिन्सचा नकाराधिकार कमी करण्याचा प्रस्ताव लोकांनीच 76 टक्के मतांनी फेटाळला. म्हणजे राजाचा अधिकारही तिथे मतपेटीतून टिकला आहे. राजेशाही रद्द करण्याचा प्रस्ताव आणायचा हक्कही त्याच घटनेत नागरिकांना आहे.

आणि ‘प्रजा सुखी’ म्हणताना कोणती प्रजा? या देशात बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मत द्यायचा हक्क मिळाला 1984 मध्ये, युरोपात सर्वांत शेवटी. 1971 आणि 1973 मध्ये पुरुषांनी तो नाकारला होता. बायकांनी संघटना काढली, स्ट्रासबुर्गला जाऊन युरोप परिषदेपुढे गाऱ्हाणे मांडले, तेव्हा कुठे तिसऱ्या खेपेला, तेही निसटत्या बहुमताने, हक्क मिळाला. कोणत्याही राजाने तो बहाल केला नाही. 2025 मध्ये ब्रिगिटे हास या त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, त्या निवडणुकीच्याच मार्गाने.