आमच्या वाड्यातला हौद

आमचा सदाशिव पेठेतला वाडा मागच्या महिन्यात पाडला. पाडायला माझा विरोध नव्हता, हे आधीच सांगते. माळवद गळत होतं, जिना हलत होता, आठ बिऱ्हाडांना मिळून संडास दोन. मला लागलं ते हौदाचं.

मागच्या चौकात दगडी हौद होता. माझ्या आठवणीत तो कोरडाच. लपंडावात आम्ही आत दडून बसायचो. काठाचा दगड एका जागी ओंजळीएवढा खोलगट झाला होता, घागरी टेकवून टेकवून. आजी तिथून हात फिरवायची आणि म्हणायची, "कात्रजचं पाणी यायचं हो इथे." जेसीबीने काठ उचलून बाजूला टाकला, तेव्हा तळाशी भाजलेल्या मातीच्या नळाचं तोंड दिसलं. मी फोन काढेपर्यंत वरून राडारोडा लोटलासुद्धा.

1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी बंदिस्त नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणलं. कात्रज उंचावर, गाव खाली. नुसत्या उतारावर पाणी मैलोन्‌मैल चालत यायचं. वाटेत उच्छ्वास बांधलेले, हवा बाहेर पडायला आणि गाळ खाली बसायला. मग गावात जागोजागी हौद. फडके हौद चौकातून रोज हजारो माणसं जातात, रिक्षावाल्याला तेच नाव सांगतात. ते नाव म्हणजे त्या नळाचा पत्ता आहे.

पण हौद म्हटलं की मला गंज पेठही आठवते. 1868 साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. शाळेत हे एका ओळीत शिकलो. ती ओळ केवढी मोठी आहे ते कळायला गावातल्या बाकीच्या हौदांवर कोण येऊ शकत नव्हतं, हे डोळ्यांपुढे यावं लागतं. आमच्या वाड्यातल्या त्या खोलगट दगडावरही सगळ्यांच्या घागरी टेकल्या नसणार. म्हणूनच तो दगड राहायला हवा होता. नुसत्या कौतुकासाठी नाही.

माझं मागणं फार नाही. वाडा पाडण्याआधी एक दिवस द्या. मापं घ्या, फोटो काढा, नळ कुठून कुठे जातो ते कागदावर उतरवा. चौकांची जुनी नावं बदलू नका. आणि तुमच्या वाड्यात हौद, आड, कोनाडा, कोरीव खांब, काहीही उरलं असेल तर आजच फोटो काढून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या.

काठाचा तो दगड मी मजुरांना विनवून बाजूला ठेवून घेतलाय. सध्या शेजाऱ्यांच्या बोळात पोत्याखाली आहे. नव्या इमारतीत त्याला जागा नाही असं बिल्डरकडून सांगितलं गेलं. पार्किंगच्या भिंतीत दोन फूट जागा पुरेल. सोमवारी पुन्हा जाऊन विचारणार आहे.