‘यात शोध कसला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपण प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, त्यामुळे उत्तरही थोडे लांबणार आहे. कंपनीच्या हॅकेथॉनमध्ये, म्हणजे ठरावीक तासांत काहीतरी बनवून दाखवण्याच्या स्पर्धेत, आमच्या चमूने केलेल्या संगीतशोधाच्या डेस्कटॉप अ‍ॅपवर आपले तीन आक्षेप आहेत. आम्ही श्रोत्यांच्या सवयींवरून शिफारशी केल्या नाहीत, म्युझिकब्रेन्झसारख्या संगीताच्या मुक्त कोशातल्या नोंदी फक्त जोडून दाखवल्या, तेव्हा याला शोध म्हणता येणार नाही, हा पहिला. सगळे मोबाइलवर ऐकत असताना डेस्कटॉपचा अट्टहास कशासाठी, हा दुसरा. आणि संगणकावरच्या गाण्यांची पहिली तपासणी फार रेंगाळते, हा तिसरा.

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि नेमका तोच मला पटलेला नाही. ‘हे ऐकणाऱ्यांनी तेही ऐकले’ या तत्त्वावर शिफारस करायची तर आधी हजारो श्रोत्यांच्या ऐकण्याची नोंद हाताशी असावी लागते, आणि हॅकेथॉनमध्ये जन्मलेल्या अ‍ॅपला श्रोते म्हणजे ते बनवणारेच असतात. दुसऱ्याकडची नोंद उसनी घ्यावी, तर स्पॉटिफायने २७ नोव्हेंबर २०२४ पासून मिळतेजुळते कलाकार, शिफारशी आणि गाण्यांचे ध्वनिगुण देणाऱ्या सुविधा नव्या अ‍ॅप्ससाठी बंद केल्या आहेत. श्रोत्यांच्या ऐकण्याची नोंद ठेवणाऱ्या लास्ट.एफएमकडून मिळतेजुळते कलाकार अजूनही मागवता येतात. पण ते साम्य श्रोत्यांच्या गर्दीतून निघते, आणि जिथे गर्दीच नाही तिथे ते गप्प बसते. जुन्या ख्यालगायनाच्या किंवा नाट्यसंगीताच्या ध्वनिमुद्रणांभोवती अशी गर्दी कुठून आणायची?

म्हणून आम्ही साथीदारांकडे वळलो. म्युझिकब्रेन्झमध्ये एखाद्या ध्वनिमुद्रणाशी गायकाबरोबर तबला, हार्मोनियम, सारंगी वाजवणाऱ्यांची नावेही वेगळ्या नात्याने जोडता येतात. मैफली ऐकणारा माणूस एरवीही याच वाटेने पुढे जातो. गोविंदराव पटवर्धनांची पेटी कुमार गंधर्वांच्या मागे ऐकली आणि कान तिथे अडकला, की हेच बोट छोटा गंधर्वांना आणि जितेंद्र अभिषेकींनाही साथ करत होते हे कळते, आणि पुढचे ऐकणे आपोआप ठरते. ही वाट दाखवायला कोणाची आवड मोजावी लागत नाही. कोणी कोणाबरोबर वाजवले, एवढी नोंद पुरते. शिवाय अमुक गाणे का सुचवले, हे अ‍ॅप एका ओळीत सांगू शकते. मोठ्या सेवांच्या शिफारशींबाबत हे क्वचितच घडते, आणि मला ते फार खटकते. आमच्या पद्धतीची खरी मर्यादा वेगळी आहे: आपल्याकडच्या बहुतेक कॅसेटींच्या वेष्टनावरची साथीदारांची नावे कोशात कोणी भरलेलीच नाहीत. ती भरायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

ओघात आपण असेही सुचवले आहे की ध्वनीचेच विश्लेषण करून एकाच रागातली गाणी शेजारी आणावीत. कल्पना आकर्षक आहे, पण तयार साधने बहुधा पाश्चात्य पद्धतीचा ‘की’ (आधारस्वर) आणि मेजर-मायनर एवढेच सांगतात. ‘की’ कळल्याने फार तर गायक काळी एकमध्ये गातो की काळी चारमध्ये, म्हणजे त्याचा सा पेटीच्या कोणत्या पट्टीवर आहे, याचा अंदाज येईल; राग कळणार नाही. भूप आणि देशकार या दोहोंत सा रे ग प ध हेच पाच स्वर आहेत. भूपात वजन गंधारावर, देशकारात धैवतावर, आणि खरा फरक चलनात, म्हणजे स्वर कोणत्या वळणाने येतात त्यात. हे यंत्राला उमजावे म्हणून आधी गायकाचा षड्ज (सा) शोधावा लागतो. बार्सिलोनातील कॉम्पम्युझिक हा संशोधन प्रकल्प २०११ पासून अशाच प्रश्नांवर अनेक वर्षे काम करत होता. हॅकेथॉनच्या ठरावीक तासांत त्याला हात घालणे हे धाडस नव्हे, थाप ठरली असती.

डेस्कटॉपचे कारण साधे आहे. असे संगीत अनेकांकडे जुन्या हार्ड डिस्कवर, ‘ट्रॅक ०१’ अशा नावाच्या एमपीथ्री फायलींत पडून आहे. गाण्याचे नाव फायलीतच लिहून ठेवण्याच्या आयडीथ्री या पद्धतीच्या १९९६ सालच्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला अवघे ३० बाइट मिळत. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे काना-मात्रा धरून दहा चिन्हांत जागा संपली. शिवाय ती आवृत्ती मुळात रोमन लिपीसाठी असल्याने तीही जागा आपल्या उपयोगाची नव्हती. म्हणून फायलीच्या नावावर विसंबून न राहता अ‍ॅप पहिल्या १२० सेकंदांचा ध्वनिठसा (आवाजावरून गाणे ओळखण्याची खूण) काढते आणि त्यावरून म्युझिकब्रेन्झमधली नोंद सांगणाऱ्या अ‍ॅकॉस्टआयडीकडे तो ठसा व फायलीची लांबी एवढेच पाठवते. मूळ फाइल संगणकाबाहेर जात नाही. डेस्कटॉपसाठी बांधणीच्या इलेक्ट्रॉन या साधनामुळे अ‍ॅप जड झाले, हे खरेच आहे. टाउरी या तशाच दुसऱ्या साधनाने ते हलके झाले असते, पण त्यासाठी लागणारी रस्ट भाषा चमूत कोणाला येत नव्हती.

राहिला संथपणा. म्युझिकब्रेन्झ सेकंदाला सरासरी एकच विनंती स्वीकारते, आणि स्वयंसेवकांनी उभ्या केलेल्या कोशाची ही अट मोडण्याचा आमचा विचार नाही. पाच हजार फायली असतील आणि प्रत्येकीला एकच विनंती धरली, तरी जवळपास १ तास २३ मिनिटे लागणार. मिळालेली माहिती संगणकावरच एसक्यूलाइट या छोट्या माहितीसाठ्यात साठते, त्यामुळे दुसऱ्या वेळी फक्त नव्या फायली तपासल्या जातात. आपण तपासणी मध्येच थांबवली असेल, तर अ‍ॅप पुन्हा उघडा. ती जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू होईल.