पस्तीस अंशांच्या आतलं यंत्र

भाच्याचा प्रश्न साधा होता. "मामा, साठ हजार जमलेत. प्लेस्टेशन घेऊ का पीसी?" वाळूजच्या एका कारखान्यात तो दोन वर्षांपूर्वी चिकटला. हातात बावीस हजार येतात. त्यातनं थोडे थोडे बाजूला टाकून त्यानं हे साठ हजार उभे केले, आणि प्रश्न मात्र घरच्या ग्रुपवर टाकायची चूक केली. अर्ध्या तासात परभणी, नांदेड, पुणे आणि मी जर्मनीत राहतो ते श्टुटगार्ट असे चार पक्ष पडले. परभणीची ताई, म्हणजे त्याची आई, म्हणाली, "कॉम्प्युटर घे, अभ्यासाला तरी होईल." त्याचा अभ्यास संपून तीन वर्षं झाली. पुण्याचा चुलतभाऊ म्हणाला, कन्सोल, म्हणजे प्लेस्टेशनसारखं गेमचं यंत्र, वायर लावा आणि खेळा, सॉफ्टवेअर टाकणं नाही, सेटिंग नाही. नांदेडच्या मावशीनं विचारलं, "पण गेमवर सरकारनं बंदी घातली ना?"

मावशीचं आधी मिटवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं जो कायदा केला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, म्हणजे रमी वगैरे. त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मान्यताही दिली. पण आपल्याकडं रमी, लुडो, पबजी, प्लेस्टेशन या सगळ्याला मिळून 'गेम' हा एकच शब्द, त्यामुळं पोरगं कंट्रोलर घेऊन बसलं की घरच्यांचे चेहरे शेत गहाण पडल्यासारखे होतात. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी बंद झालं ते चिनी ॲपवरच्या कारवाईत, तरी आमच्या गल्लीत आयांनी ते स्वतःच्याच नवसाला आलेलं फळ मानलं होतं.

मी स्वतः कन्सोलवाला. प्लेस्टेशन ५ घेतला २०२२ च्या शेवटी, ऑगस्टमध्ये युरोपात भाव ५० युरोनं वाढून डिस्कवाला, म्हणजे डिस्क घालून खेळायचा प्रकार, साडेपाचशेला गेला त्यानंतर. तेव्हा इथलं किमान वेतन ताशी १२ युरो होतं. म्हणजे अगदी तळाच्या पगारावरच्या माणसालासुद्धा, कर धरला नाही तर, सेहेचाळीस तासांत कन्सोल सुटतो. एका नव्या गेमचे ८० युरो म्हणजे सात तासांपेक्षा कमी. भारतात डिस्कवाल्याची किंमत ५४,९९० झाली आणि सोनीच्या नव्या गेमची ४,९९९. रुपयांत पाहिलं तर गेम तिकडंच स्वस्त, आणि इथले आपले लोक हेच सांगतात: "अरे, इंडियात पाच हजारांत मिळतो, आम्ही आठ हजार मोजतो." बरोबर आहे. फक्त भाच्याचा अडीच महिन्यांचा पगार कन्सोलला जातो आणि एका गेमला आठवडा.

पण पगाराचं रडगाणं हा माझा मुद्दाच नाही. इथं कन्सोल परवडतो तो डिस्कमुळं, हे मला स्वतःला उशिरा कळलं. नवा गेम ८० ला घेतला, तीन आठवड्यांत संपवला, ५० ला विकला. विकत घेणारा सायकलवर दारात येतो, डिस्क उजेडात धरून ओरखडे बघतो, पैसे देतो, जातो. इथल्या बऱ्याच शहरांत सार्वजनिक वाचनालयातसुद्धा कन्सोलचे गेम मिळतात, पुस्तकांच्या शेजारच्या मांडणीत. वर्षाची वर्गणी एका गेमपेक्षा कमी. मी गेल्या हिवाळ्यात चार गेम असे फुकटात खेळलो. माझ्या कन्सोलचं गणित हे असं, फिरत्या डिस्कवर उभं आहे. डिस्क फिरवायला गिऱ्हाईक लागतं, आणि परभणीत जुनी डिस्क घेणारा मिळेपर्यंत त्या गेमचा दुसरा भाग यायचा. मग राहतं ऑनलाइन दुकान. ते एकाच कंपनीचं, आणि तिथं घेतलेला गेम ना विकता येतो ना मित्राच्या हातात देता येतो.

"मग तुम्हीच येताना डिस्क आणा की." तेही झालंय. मागच्या खेपेला त्याच्या मित्रासाठी इथनं एक जुनी डिस्क नेली. गेम चालला, कारण प्लेस्टेशन ५ च्या डिस्कला देशाची अडकाठी नाही. पण पोरानं भारतीय खात्यावरून त्याच गेमचा डाउनलोड करायचा जादाचा भाग विकत घेतला तो काही जोडला जाईना. डिस्क युरोपची, खातं भारताचं, आणि जादाचे भाग डिस्कच्याच मुलखाचे लागतात. गेले बिचाऱ्याचे पैसे. ते मला ठाऊक असायला हवं होतं. त्या पोरानं एका शब्दानं बोल लावला नाही, म्हणून जास्त लागलं.

प्रो आणायचीही फर्माईश झाली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये जास्त ताकदीचा प्लेस्टेशन ५ प्रो आला तेव्हा तो भारतात विकायला आलाच नाही, कारण त्यातलं वायफाय ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतं आणि त्या पट्ट्याला आपल्याकडं तोवर परवानगी नव्हती. इथं ८०० युरो, तेही डिस्क ड्राइव्हशिवाय. त्यावेळी विमानतळावर पन्नास हजारांपर्यंतच्या सामानाला सूट होती, वरच्या रकमेवर साडेअडतीस टक्के सीमाशुल्क. मी नाही म्हणालो. वायफायच्या एका पट्ट्यापायी मामा कंजूष ठरला.

तरीही मी त्याला 'कन्सोल घे' असंच लिहिणार होतो. हातात घेतलेला कंट्रोलर, गेममधल्या धनुष्याची दोरी ताणली की बोटाखाली घट्ट होत जाणारं बटण, हे कीबोर्डवाल्यांना सांगून कळत नाही. लिहायच्या आधी सहज कन्सोलच्या डब्यातलं पत्रक काढलं. वापरायचं तापमान: ५ ते ३५ अंश. मी दोनदा वाचलं. परभणीत मे महिन्यात बाहेर ४२-४३ असतं. पत्र्याच्या खोलीत दुपारी काय असेल, ते पत्रकात मावणारं नाही. भाच्याला सांगितलं तर म्हणाला, "कूलरसमोर ठेवतो की." कूलरची ओली हवा थेट पंख्यात घेणारं यंत्र मी डोळ्यांसमोर आणलं आणि गप्प बसलो. तापण्याच्या बाबतीत पीसीही काही वेगळा नाही, पण त्याची बाजू उघडून धूळ झटकता येते, चार-पाचशेचा पंखा बदलता येतो, आणि हे करून देणारा माणूस प्रत्येक तालुक्यात बसलेला आहे.

आणि लाइट. आता पूर्वीसारखं भारनियमन नाही, पण वळवाचा पाऊस आला की लाइट जाते ती जातेच. २००५ च्या आसपास आम्ही परभणीत स्टेशन रोडच्या एका नेट कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन व्हाइस सिटी हा गेम खेळायचो. त्यात वाटेल तिथं गेम सेव्ह करता येत नसे. त्यासाठी आपल्या मुक्कामी, सुरुवातीला ओशन व्ह्यू हॉटेलात, परत जावं लागे. लाइट गेली की यूपीएस टीं टीं करायला लागायचे, मालक ओरडायचा, "पाच मिनिटं हायेत रे!" आणि आठही कॉम्प्युटरवर आठ जण माणसं उडवत, सिग्नल तोडत, एकाच हॉटेलाकडं गाड्या पळवायचे. निम्मे पोचायचे. सेव्ह करण्याची ती घाई माझ्या अंगात अजून आहे. इथं वर्षानुवर्षं लाइट गेलेली नाही, तरी मी दर दहा मिनिटांनी सेव्ह करतो आणि बायको हसते.

म्हणून अखेर मी लिहिलं: लॅपटॉप घे. पीसीवाल्या पक्षाला हे पटलं नाही, कारण तेवढ्याच पैशात खोका, म्हणजे टेबलावरचा पीसी, जास्त ताकदीचा येतो. खरं आहे. शिवाय २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार असा ओढलाय की रॅमचे भाव ऐकून खोकाही नको वाटतो आणि लॅपटॉपही. पण भाचा वाळूजच्या बजाजनगरला तिघांबरोबर कॉट बेसिसवर राहतो. त्या खोलीत टीव्ही नाही. कन्सोलची किंमत सांगताना पुण्याच्या भावानं टीव्ही धरलाच नव्हता, त्याच्या घरी तो भिंतीवर आधीच आहे. लॅपटॉपला बॅटरी आहे, लाइट गेली तर गेम मंदावेल, पण सेव्ह करण्यापुरता वेळ मिळेल. ऑनलाइन खेळायला स्टीम, म्हणजे पीसीच्या गेमचं ऑनलाइन दुकान, वेगळी वर्गणी मागत नाही, मी प्लेस्टेशनला वर्षाला ७२ युरो भरतो. स्टीमवर २०१५ पासून भाव रुपयांत आहेत, आणि दोन तासांच्या आत खेळून आवडला नाही तर चौदा दिवसांत पैसे परत. दिवाळीला घरी नेला तर कुणी विचारणार नाही हे कशाला आणलं म्हणून. ताईचं उत्तर बरोबर निघालं, कारण साफ चुकीचं होतं. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही.

त्यानं हप्त्यावर घेतला. परवा फोनवर म्हणाला, "मामा, तुम्ही ते बटणाचं सांगितलं होतं ना, घट्ट होणारं. तो कंट्रोलर लॅपटॉपला वायरनं चालतो म्हणे." चालतो, काही गेममध्ये बटणही घट्ट होतं. "मग तेवढा आणा येताना. पांढरा." मग लगेच, "नको, काळा आणा. इकडं धूळ लई."