त्रेचाळीस आया आणि पहाटेचे पाच

गेल्या जूनमध्ये सातवीच्या इंग्रजीच्या वह्या तपासत होतो. विषय 'माय मदर'. वह्या ४३. सगळ्यांच्या सगळ्या आया पहाटे पाचला उठतात, चविष्ट स्वयंपाक करतात आणि जगात भारी असतात. यातल्या दहा-बारा जणींना मी ओळखतो. एक तर एमआयडीसीत रात्रपाळीला जाते. पाचला ती मशीनसमोर उभी असते. तिच्या मुलानंही 'शी गेट्स अप अ‍ॅट फाइव्ह' लिहिलं होतं. अक्षर मात्र मोत्यासारखं.

पोरांना काय बोलणार? निबंध गाइडातला, आणि फळ्यावर उतरवून मीच दिलेला.

एकच वही वेगळी निघाली. 'माय मदर नॉट टॉक व्हेन लाइट बिल कम.' मी सवयीनं 'डझ' घुसवलं, 'कम'ला एस लावला, पाचपैकी दोन दिले आणि गठ्ठा पुढे सरकवला. चहाला उठलो तेव्हा ध्यानात आलं, अख्ख्या गठ्ठ्यात मला दिसलेली आई ही एवढीच.

आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे सातवीतलं पोर सातव्या वर्षी इंग्रजी शिकतंय आणि अजून स्वतःचं एक वाक्य लिहायला बिचकतंय. 'आधी ग्रामर पक्कं करा, लिहिणं नंतर' हे स्टाफरूममधलं लाडकं मत मला आता पटत नाही. विभक्तीचे प्रत्यय आपण शाळेत गेल्यावर शिकलो; भांडायला तिसऱ्या वर्षापासूनच लागलो होतो.

आता मी पहिला खर्डा पेन्सिलीनं लिहून घेतो. शब्द अडला तर मराठी चालेल, लाल पेन बंद. दुसऱ्या खर्ड्यात एकच चूक धरायची. या आठवड्यात फक्त काळ, बाकी माफ. पालकसभेत यावरून ऐकून घ्यावं लागतं. "सर, वहीत लाल काहीच नाही, तपासता की नाही?" त्यांचं चुकतं असं नाही. पुढे दहावीच्या पेपरात एस राहिला की मार्क जाणारच, आणि रजेच्या अर्जाचा साचा मीही पाठच करून घेतो.

कवितेचंही तेच. यमक जुळणारे शब्द लिहा, अलंकार ओळखा, झाली कविता. एकदा पुस्तक मिटून अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी'तली पहिली कविता वाचली. १९७६चं पुस्तक, इंग्रजीतलं. दुसऱ्या वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. आमच्या पोरांना पुरस्काराचं कौतुक नाही, पण निम्म्यांचं कुलदैवत खंडोबा. खिडक्यांवर ताडपत्री ओढलेली एसटी म्हटल्यावर वर्ग जागा झाला. कवितेत ताडपत्री 'बटण लावून' बंद केलेली आहे. एकीनं हरकत घेतली, "ताडपत्रीला कुठं बटणं असतात?" दुसरा म्हणाला, "गाडीनं शर्ट घातलाय की!" तिसऱ्याला टार्पोलिन आणि ताडपत्री एकच वाटले. डिक्शनरी काढली, तर त्यातलं 'टार' म्हणजे डांबर. तास संपला, अलंकार राहिला. शर्ट घातलेली गाडी म्हणजे काय, हे मी परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगितलं.

तर तो रात्रपाळीवाल्या बाईचा मुलगा. त्याला विचारलं, आई येते कधी? "सव्वासातला. येते, डबा घासते, मगच झोपते." म्हटलं, हेच लिही. जागेवर गेला, पेन्सिल चावत बसला, पाच मिनिटांनी परत आला.

"सर, ते 'मगच'मधल्या 'च'ला इंग्रजीत काय म्हणतात?"

सात वर्षांत ग्रामरचा पहिला प्रश्न त्यानं स्वतःहून विचारला होता.